तिघांचें बोलणें आणि टेलिफोनची बेरीज

आपल्या शाळेंतील पुष्कळ मुलांचीं कुटुंबें आज एका छपराखालीं राहत नाहींत. वडील आखातांत किंवा जहाजावर नोकरीस, आई पुण्यामुंबईच्या इस्पितळांत परिचारिका, आणि मुलगा अगर मुलगी वसतिगृहांत, अशीं घरें आतां विरळा नाहींत. अशा घरांतील तिन्ही माणसांना एकाच वेळीं बोलावयाचें असलें, तर इंटरनेटच्या टेलिफोनवरील एक बटण दाबलें कीं काम भागतें. परीक्षेचा निकाल एकदांच सांगितला कीं दोघांनाही ऐकूं जातो, आणि एकाचा निरोप दुसऱ्यास पोंचवितांना होणारा घोटाळा टळतो. पण ह्या बटणामागें काय घडतें हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. आणि तें ठाऊक नसल्यामुळें अलीकडे कांहीं लोकांना बँकेंतील पैशांसही मुकावें लागलें आहे. म्हणून हा विषय जरा मुळापासून पाहूं.

आधीं जुना टेलिफोन घेऊं. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें १८८२ सालच्या जानेवारींत टेलिफोनचीं एक्स्चेंजें उघडलीं. त्या काळापासून कित्येक वर्षें आपला आवाज तांब्याच्या तारेंतून विजेच्या चढउताराच्या रूपानें जात असे. मोठ्यानें बोललें कीं प्रवाहांत मोठा चढउतार, हळू बोललें कीं लहान. अशा दोघांच्या तारांना तिसऱ्या माणसाच्या तारा नुसत्या जोडल्या तरी तिघांचें बोलणें चालू होई. कारण दोन प्रवाह एका तारेंत आले कीं त्यांची बेरीज तार आपण होऊनच करिते. तिला कोणी गणित शिकवावें लागत नाहीं. एकाच लाइनीवर बैठकींत एक व माजघरांत एक अशीं दोन यंत्रें ज्या घरांत होतीं, तेथील पालकांना हें आठवत असेल : माजघरांतला रिसीव्हर हळूच उचलला कीं बैठकींतलें सगळें बोलणें ऐकूं येई, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे.

इंटरनेटच्या टेलिफोनांत अशी आपोआप बेरीज करणारी तार नाहीं. येथें तारेंतून आवाजाची लाट जात नाहीं, आंकडे जातात. आपण बोलूं लागलों कीं यंत्र आवाजाची लाट किती उंच आहे हें एका सेकंदांत ८००० वेळां मोजतें आणि प्रत्येक माप एका बाइटांत लिहितें. ह्या पद्धतीस जी.७११ असें नांव आहे. ह्याहून काटकसरीच्या नव्या पद्धति पुष्कळ निघाल्या आहेत. २०१२ सालीं प्रमाण ठरलेली ओपस ही त्यांतील प्रसिद्ध होय. पण समजण्यास ही जुनीच सोपी. अशीं १६० मापें, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागांतलें बोलणें, एका पुडक्यांत बांधून रवाना होतात. प्रत्येक पुडक्यावर पत्ता, अनुक्रमांक व वेळ लिहावी लागते आणि त्या लिखाणाला ४० बाइट खर्ची पडतात. १६० व ४० मिळून २०० झाले. सेकंदास ५० पुडकीं म्हणून त्यांस ५० नें गुणा, आणि बाइटांत ८ बिट म्हणून ८ नें गुणा. एका दिशेला सेकंदास ८०,००० बिट लागतात. हा आंकडा लक्षांत असूं द्यावा.

आतां दोन माणसांचीं पुडकीं एकदम तिसऱ्याच्या दारीं आलीं तर काय होईल? तांब्याच्या तारेप्रमाणें तीं एकमेकांत मिसळणार नाहींत. दोन वर्तमानपत्रें घेऊन एकीकडची एक ओळ व दुसरीकडची एक ओळ आळीपाळीनें वाचली तर जो अर्थ निघेल तोच येथें निघेल. म्हणून कोणी तरी बसून दोन्ही पुडकीं सोडलीं पाहिजेत, ह्यांतलें पहिलें माप व त्यांतलें पहिलें माप ह्यांची बेरीज केली पाहिजे, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची, आणि असें सेकंदास ८००० वेळां करीत राहिलें पाहिजे. तिघांचें बोलणें म्हणतात तें एवढेंच. बाकी सर्व सोय त्या बेरजेच्या भोंवतीं उभारलेली आहे.

पण ही बेरीजही सरळ नाहीं. वरच्या वर्गांतील मुलांना येथें लॉगरिदमची आठवण व्हावी. जी.७११ पद्धतींत एका बाइटाच्या २५६ पायऱ्या समान उंचीच्या नसतात. हलक्या आवाजासाठीं बारीक व मोठ्या आवाजासाठीं जाड अशा त्या केलेल्या असतात, म्हणजे जवळजवळ लॉगरिदमच्या रीतीनें मांडलेल्या असतात. म्हणून आलेले आंकडे तसेच मिळविले तर भलतेंच होईल. एक माप १००० व दुसरें १०० असें धरा. त्यांचे लॉगरिदम ३ व २, बेरीज ५, आणि ५ हा १,००,००० चा लॉगरिदम! पाहिजे होते ११००. लॉगरिदमची बेरीज हा गुणाकार होतो हें आपण फळ्यावर शिकतों, तेंच येथें कानाला कळतें. ह्यासाठीं प्रत्येक माप आधीं साध्या संख्येंत उलगडावें लागतें, मग बेरीज करावयाची, आणि मग पुन्हा त्या पायऱ्यांत बसवावयाची. त्यांतही हिंदुस्थानांत व युरोपांत पायऱ्या एका नियमानें आंखतात, तर अमेरिकेंत व जपानांत दुसऱ्या. एक नातेवाईक नाशिकला व एक न्यू जर्सींत असेल तर बेरीज करणाऱ्यास दोन्ही नियम यावे लागतात.

शिवाय बेरजेला मर्यादा आहे. उलगडलेली संख्या बहुधा १६ बिटांत ठेवितात, व तेथें ३२,७६७ च्या वर जागा नाहीं. दोघे एकदम ओरडले आणि मापें २०,००० व १५,००० आलीं, तर बेरीज ३५,००० होते. ती मावत नाहीं. निष्काळजीपणें लिहिलेल्या कार्यक्रमांत ती उलटून उणे ३०,५३६ होऊन बसते व कानांत कडाड असा आवाज येतो. म्हणून चांगलें यंत्र अशा वेळीं ३२,७६७ वरच थांबतें, किंवा दोघांचाही आवाज थोडा उतरवितें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं तिघांना एकच बेरीज देऊन चालत नाहीं. आई, बाबा व मुलगी असे तिघे आहेत असें समजा. मुलीला आई अधिक बाबा, आईला बाबा अधिक मुलगी, बाबांना मुलगी अधिक आई, अशा तीन निराळ्या बेरजा कराव्या लागतात. स्वतःचा आवाज कोणालाही परत द्यावयाचा नाहीं. दिला तर काय होतें? आपलेंच बोलणें सेकंदाच्या पांचव्या भागाइतक्या उशिरानें आपल्या कानांत पडूं लागलें कीं चांगला बोलका मनुष्यही अडखळूं लागतो, त्याची जीभ जड होते. माणसें वाढलीं कीं ह्या बेरजा झपाट्यानें वाढतात. तीस जणांची सभा असली तर प्रत्येकासाठीं बाकीच्या २९ जणांची बेरीज, म्हणजे प्रत्येकीं २८ वेळां मिळविणें, एकंदर ८४०. येथें एक युक्ति योजितात : सर्वांची एकच बेरीज करावी, ती २९ वेळां मिळवून होते, आणि मग प्रत्येकास देतांना त्याचें स्वतःचें माप वजा करावें, तीं ३० वजाबाक्या. ८४० चें काम ५९ त झालें.

ही कल्पना इंटरनेटपेक्षांही जुनी आहे. अमेरिकेंत आर्पानेट नांवाचें जें पहिलें मोठें संगणकांचें जाळें होतें, त्यावरून बोलण्याचे प्रयोग १९७४ च्या सुमारास सुरू झाले. डॅनी कोहेन ह्या शास्त्रज्ञानें त्यासाठीं बनविलेले नियम १९७७ सालीं प्रसिद्ध झाले, व त्यांत अनेकांच्या सभेचीही तजवीज होती. त्या वेळीं बेरजेचा खटाटोप टाळून एक ‘अध्यक्ष’ नेमलेला असे. हा अध्यक्ष म्हणजे मनुष्य नव्हे, एक कार्यक्रम. ज्याला तो पाळी देईल त्याचाच आवाज सर्वांकडे जाई, बाकीच्यांनीं ऐकावयाचें. आपल्या वक्तृत्वसभेंतही अध्यक्ष हेंच करितात, पण घरच्या बोलण्याला ही शिस्त सोसत नाहीं. बाबा रागावले असतां आई मध्येंच हसली, तर तें हसूं पाळीची वाट पाहत थांबत नाहीं.

आतां प्रश्न असा कीं ही बेरीज करावयाची कोठें? ह्याचीं तीन उत्तरें आहेत, आणि कोणतें उत्तर आपल्या टेलिफोनांत योजिलें आहे ह्यावर बरेंच अवलंबून असतें.

पहिलें उत्तर : जो जोडून देतो त्याच्याच यंत्रांत. कचेरींतील टेबलावर इंटरनेटचा जो टेलिफोन असतो त्यांत पुष्कळदां हीच व्यवस्था असते. इंटरनेटच्या टेलिफोनांची आपसांतली भाषा बहुतेक ठिकाणीं एसआयपी ही आहे. तिचे सध्यांचे मुख्य नियम २००२ सालीं ठरले. ही भाषा मोठी सभ्य आहे. टेलिफोन लावणें म्हणजे समोरच्यास ‘इन्व्हाइट’, म्हणजे निमंत्रण, पाठविणें. समोरचा उत्तर देतो ‘रिंगिंग’, मग ‘ओके’. आणि संभाषण संपलें कीं ‘बाय’. तिघांना जोडण्याची रीत अशी : पहिल्याला टेलिफोन लावावा व त्याला सांगावें कीं, ‘थांबा, मी आईलाही जोडतों.’ हें सांगणें विसरूं नये. मग ‘कॉन्फरन्स’ असें लिहिलेलें बटण दाबावें. पहिला मनुष्य होल्डवर जातो, म्हणजे आपलें यंत्र त्याला नवें निमंत्रण पाठवून कळवितें कीं तूर्त तुझा आवाज मी घेत नाहीं. त्याला तिकडे बहुधा संगीत ऐकूं येतें. मग दुसऱ्याचा नंबर लावावा, त्यानें उचलल्यावर त्यालाही तिसऱ्याची कल्पना द्यावी, आणि तेंच बटण पुन्हा दाबावें. बेरीज सुरू झाली. जुनें साधें यंत्र लहानशा पेटीच्या मदतीनें इंटरनेटला जोडलेलें असलें, तर बटणाऐवजीं रिसीव्हर ठेवण्याचा आंकडा क्षणभर दाबून सोडावा लागतो. ह्यास फ्लॅश म्हणतात. अधिक वेळ दाबला तर टेलिफोन बंदच होतो, हें नवशिक्यांना एकदोनदां अनुभवावें लागतें.

ह्या पद्धतींत जोडणाऱ्याच्या यंत्रावर दुप्पट ओझें पडतें. ८०,००० चे दोन प्रवाह बाहेर व दोन आंत, असे चार प्रवाह त्याला एकदम पेलावे लागतात. म्हणून ज्याचें इंटरनेट सर्वांत चांगलें त्यानेंच इतरांना जोडावें. खेड्यांतील आजीला ‘तूंच सर्वांना जोड’ म्हणून सांगणें बरें नव्हे. २००३ सालीं निघालेल्या व मे २०२५ मध्यें बंद झालेल्या स्काइपनें ही निवड स्वतःकडे घेतली होती. कोलंबिया विद्यापीठांतील संशोधकांनीं २००४ सालीं तपासून पाहिलें, तेव्हां तिघांच्या संभाषणांत कोणीही सुरुवात केली तरी बेरजेचें काम सर्वांत समर्थ संगणकाकडे जात असलेलें आढळलें. दुसरी अडचण अशी कीं जोडणाऱ्यानें टेलिफोन ठेवला कीं बेरीज करणारा उठून जातो, आणि पुष्कळ यंत्रांत राहिलेल्या दोघांचेंही बोलणें तुटतें. तेव्हां जोडणाऱ्यानें शेवटीं ठेवावें.

दुसरें उत्तर : मध्यें एक सर्व्हर ठेवून त्याच्याकडून बेरीज करवावयाची. ह्यास इंजिनिअर लोक ब्रिज, म्हणजे पूल, म्हणतात. मार्क स्पेन्सर ह्या तरुणानें १९९९ सालीं ॲस्टरिस्क नांवाचा टेलिफोन एक्स्चेंजचा कार्यक्रम लिहून सर्वांस मोफत खुला केला. त्यांत अशी सभेची खोली काढतां येते. खोलीला एक नंबर व एक गुप्त आंकडा द्यावयाचा. ज्याला यावयाचें असेल त्यानें तो नंबर लावून आंत यावें. येथें कोणीही उठून गेला तरी बाकीच्यांचें बोलणें चालूच राहतें, आणि प्रत्येकाच्या यंत्राला एकच प्रवाह पुरतो. लहानशा शाळेला किंवा पतपेढीला जुन्या संगणकावरही ही सोय होऊं शकते.

मात्र पुलाची जागा पाहून निवडावी. काचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २,००,००० किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला सेकंदाचे पांच सहस्रांश लागतात. मुंबई ते न्यू यॉर्क हें सरळ अंतरच सुमारें १२,५०० किलोमीटर. पूल न्यू यॉर्कला असेल तर मुंबईच्या माणसाचा आवाज पुण्याच्या माणसाकडे जातांना तिकडे जाऊन परत यावयाचा. नुसत्या प्रवासालाच १२५ सहस्रांश गेले. ह्यावर आणखी एक वेळ असतो. पुडकीं वाटेंत पुढेंमागें होतात, म्हणून बेरीज करणारा त्यांना थोडें थोपवून ओळीनें लावून घेतो, आणि ऐकणाऱ्याचें यंत्रही तसेंच करितें. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा सल्ला असा कीं एका दिशेचा एकंदर उशीर १५० सहस्रांशांच्या आंत असावा. तो ओलांडला कीं मनुष्य गप्प झाला असें समजून दोघे एकदम बोलूं लागतात, दोघेही ‘बोला, बोला’ म्हणून थांबतात, आणि पुन्हा दोघे एकदम बोलूं लागतात. वाढदिवसाचें गाणें तीन गांवांहून एकत्र म्हणण्याचा प्रयत्न पुष्कळ घरीं होतो व फसतो, त्याचें कारणही हेंच. प्रत्येकाला दुसरा मागें पडल्यासारखा वाटतो, तो त्याच्यासाठीं थांबतो, आणि गाणें हळूहळू थबकतें. त्यापेक्षां एकानें म्हणावें व दोघांनीं टाळ्या वाजवाव्या.

तिसरें उत्तर सध्यां आपल्या खिशांतील टेलिफोनांत अधिक चालतें. व्हॉट्सॲपवर २०१८ सालीं चौघांच्या, २०२० सालीं आठ जणांच्या व २०२२ सालीं बत्तीस जणांच्या बोलण्याची सोय झाली. तेथील बोलणें बोलणाऱ्याच्या यंत्रांत कुलुपबंद होऊन निघतें व ऐकणाऱ्याच्या यंत्रांतच उघडतें. आतां जें पुडकें उघडतां येत नाहीं त्यांतील आंकड्यांची बेरीज मधला सर्व्हर कशी करणार? म्हणून तो बेरीज करीतच नाहीं. तो पोस्टमनप्रमाणें बंद पुडकीं ज्याचीं त्याला पोंचवितो, आणि प्रत्येक टेलिफोन आपल्यापुरती बेरीज आपण करितो. उलट पुलावर बेरीज होते तेथें पुडकें उघडलें जातें; म्हणजे पुलाचा मालक मनांत आणील तर सर्व ऐकूं शकतो. गुप्त गोष्टी बोलावयाच्या असतील तेव्हां हा फरक ध्यानांत घ्यावा.

आतां पहिल्या उत्तराकडे पुन्हा वळूं, कारण खरी जोखीम तेथें आहे. जोडणाऱ्याच्या यंत्रांत बेरीज होते तेव्हां बाकीच्या दोघांचीं यंत्रें फक्त त्याच्याशींच बोलत असतात. त्यांच्या पडद्यावर एकच नांव असतें. ह्या बेरजेच्या पुडक्यावर कोणाकोणाचा आवाज मिळविला आहे त्याची पंधरा नांवांपर्यंत यादी लिहिण्याची तरतूद नियमांत आहे, पण सर्वच टेलिफोन ती लिहितात किंवा दाखवितात असें नाहीं. तेव्हां तिसरा आहे हें जोडणाऱ्यानें सांगितलें तरच कळावयाचें. माजघरांतला तो हळूच उचललेला रिसीव्हर अजून गेलेला नाहीं.

साध्या मोबाइल टेलिफोनवर ‘मर्ज’ असें जें बटण दिसतें त्याचाही अर्थ असाच : दोन कॉलांची बेरीज करून ती सर्वांना ऐकवा. मोबाइलवर ती बेरीज कंपनीच्या यंत्रांत होते, एवढाच भेद. २०२५ सालच्या फेब्रुवारींत यूपीआय चालविणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनें लोकांना ह्याविषयीं इशारा दिला. ठकाची रीत अशी : तो टेलिफोन करून सांगतो कीं तुमच्या अमुक मित्राकडून तुमचा नंबर मिळाला. मग म्हणतो, तो मित्रच दुसऱ्या नंबरावरून तुम्हांला टेलिफोन करीत आहे, तेव्हां दोन्ही कॉल मर्ज करा. त्याच क्षणीं खरोखरच दुसरा कॉल येतो. पण तो मित्राचा नसतो. ठकानें तुमच्या खात्यांतून पैसे काढण्याची खटपट आधींच केलेली असते, आणि बँकेचें यंत्र ओटीपीचा आंकडा तोंडीं सांगण्यासाठीं तुम्हांला बोलावीत असतें. तुम्ही बटण दाबतां, बँकेचें यंत्र आंकडा वाचतें, आणि बेरीज सर्वांना सारखी मिळत असल्यामुळें तो ठकाच्याही कानांत पडतो. ओटीपी कोणाला सांगूं नये हें ज्यांना पाठ आहे तेही येथें फसतात, कारण त्यांनीं तो सांगितलेला नसतोच.

नवा कॉल घेतला कीं पहिला आपोआप होल्डवर जातो. त्या वेळीं बेरीज अजून सुरू झालेली नसते. नवा आवाज फक्त तुम्हांलाच ऐकूं येत असतो. तो मित्राचा आहे कीं यंत्राचा, हें ओळखण्यास दोन सेकंद पुरतात. मर्जचें बटण त्यानंतर दाबावें, किंवा मुळींच दाबूं नये. आणि पैसे गेलेच असले तर १९३० ह्या सरकारी नंबरावर ताबडतोब कळवावें. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वीं अडवितां येण्याचा संभव असतो, आणि तो दर घटकेला कमी होत जातो.